मिसेस घरीच असतात

निता गेली त्या दिवशी मी सांगलीच्या मार्केट यार्डात होतो. वसमतहून हळद भरून नेली होती आणि हमाल ताडपत्री सोडत होते. तिची धाकटी बहीण संध्या हिचा फोन आला. "दाजी, आक्का गेली," ती म्हणाली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. नांदेडला नेताना वाटेतच संपलं. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. गाडी खाली होईपर्यंत तिथंच उभा राहिलो, पावती घेतली आणि मग मालकाला फोन केला. मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवतो म्हणून सांगितलं. मी नांदेडकडं जाणाऱ्या एका ट्रकमध्ये क्लीनरच्या जागेवर बसून आलो. त्या ड्रायव्हरनं रस्ताभर रेडिओ बंद ठेवला. मला चालू असता तरी चाललं असतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भिक्खू गेले, मंडप सोडला. सासूबाई जनकाबाई मला म्हणाल्या, "रत्नपाल, तुमी चार-चार दिवस लाईनवर असता. लेकरू कोण बघल? रोज घरी येता यील अशी नोकरी बघा. शाळा उघडंपर्यंत न्हाई झालं, तर प्रियूला मी बाळापूरला नेते."

त्यात भांडण नव्हतं. प्रियदर्शनी सात वर्षांची आहे. ती रात्री माझ्या शेजारी झोपते आणि माझी बनियन हातात धरून ठेवते. तिला आखाडा बाळापूरला पाठवलं तर मी पुन्हा लाईनवर जाईन, आणि मग ती तिथंच मोठी होईल. एवढं मला कळत होतं. बाकी त्या दिवसांत मला फार काही कळत नव्हतं.

मी आजवर कुठं नोकरी मागितली नव्हती. ट्रकवाल्याला काय मागायचं असतं? एक मालक सुटला की दुसरा बोलावतो. पहिल्यांदा मी कॉलेजच्या मुलांची बस चालवणाऱ्या एका माणसाकडं गेलो. त्यानं लायसन बघितलं आणि म्हणाला, "लाईनची गाडी काहून सोडली?" मी खरं ते सांगितलं. त्यानं चहा पाजला. मग म्हणाला, "वाईट वाटलं, भाऊ. पण पोरगी आजारी पडली तर तुमी येणार न्हाई. माझी पोरं रस्त्यावर उभी राहतील."

हे मी संध्याला सांगितलं. ती वसमतच्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. नोकरीला जाणाऱ्यांचे बायोडाटा टाईप करून देते. कोणाला काय विचारतात हे तिला माहीत असतं. एका इंग्रजी शाळेला बसवर ड्रायव्हर पाहिजे होता, तेही तिनंच शोधलं. पोलिसांचा दाखला आणि डोळ्याची तपासणी मी उरकून आणली. मग दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती मला समोर बसवू लागली.

"तोंडातलं थुकून या आधी."

"मुलाखत उद्या हाय का?"

"सवय आज लावायची, दाजी. आन ते दात. शाळेतली लेकरं भूत आलं म्हणून पळून जातील."

मी तंबाखू थुकून आलो.

"हं. तुमचं नाव काय?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"मी सर आहे. नीट बोला. आणि 'व्हय' न्हाई, 'हो सर' म्हणायचं."

असं रोज चाललं. गाडी किती वर्षं चालवता, कधी ठोकली का, लहान मुलं आरडाओरडा करतील तर काय कराल. ती सराचा आवाज काढायची. आधी तिला हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं. शेवटी तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी आन प्रियू."

ती की-बोर्डवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "असं सांगितलं तर हेही न्हाई म्हणतील. मिसेस घरीच असतात, असं म्हणा."

"संध्या."

"म्हणा तुमी. माझी बी बहीण होती. म्हणा."

मी म्हणालो. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मी खाली बघत होतो, तेव्हा ती म्हणाली, "वर बघून." पुढं पुढं ते वाक्य माझ्या तोंडात बसलं. रस्त्यानं चालताना मी ते मनात म्हणायचो. त्रास होत नव्हता. काहीच होत नव्हतं.

मुलाखतीला मी पांढरा शर्ट घालून गेलो. सर वयस्कर होते, साधे होते. त्यांनी लायसन उलटसुलट बघितलं आणि बाकीचं सगळं संध्यानं विचारलं होतं तसंच विचारलं. मग म्हणाले, "घरी कोण असतं?"

"मिसेस घरीच असतात, सर."

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मी पुढं बोललो. ती पहाटे मला उठवते, म्हणालो. डबा भरल्याशिवाय मला उंबरा ओलांडू देत नाही. पोरीच्या वेण्या घालते आणि पोरगी हलली की कंगवा मारते. तिला घाटातल्या रस्त्याची भीती वाटते, म्हणून ही नोकरी बघितली. मी बराच वेळ बोललो असेन. इतकं मी निता गेल्यापासून कोणाशी बोललो नव्हतो.

सर हसले. "घरची शिस्त दिसते. अशाच माणसाच्या हातात लेकरं द्यावी. सोमवारपासून या. मुलीलाही इथंच घाला, तुमच्याच बसमध्ये येईल. आणि रविवारी स्टाफचं जेवण आहे, सगळे घरच्यांना घेऊन येतात. मिसेसना आणा."

"हो सर," मी म्हणालो.

संध्या गेटबाहेर उभी होती. मी तिला सगळं सांगितलं.

"एवढं काहून बोललात? मी एकच वाक्य सांगितलं होतं."

"आलं तोंडात."

"आता रविवारी काय करता?"

"आजारी हाय म्हणतो."

"आन प्रियूला तिथं कोणी विचारलं, आई कुठं म्हणून?"

ती पदरानं तोंड पुसून दुकानाकडं गेली.

सासूबाईंना मी फोन केला. नोकरी लागली, रोज संध्याकाळी घरी असेन, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मग राहू द्या लेकरू तुमच्यापाशी." प्रियूला शाळेचा ड्रेस आणला. ती तो घालून घरभर फिरली आणि ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसणार म्हणाली. मी हो म्हणालो.

आज शनिवार आहे. सरांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. प्रियूनं शाळेत काय सांगायचं, तेही तिला सांगितलेलं नाही.