भोपळीचं बदक

मित्रांनो, समुद्राच्या तळाशी, मऊ चिखलात बसलेली मी एक जुनी झारी आहे. बदकाच्या आकाराची, हिरवट निळी, मुठीत मावेल एवढी. इथे सगळं हळू चालतं. वर भरती येते, ओसरते, आणि मला आठवत राहतं.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका राज्यात, तामजिनच्या किनाऱ्यावर, कुंभाराच्या भट्टीत झाला. मला घडवणारा म्हातारा भारी हट्टी. रंग मनासारखा उतरला नाही की हातोडी उचलायचा. त्याने माझी एकोणपन्नास भावंडं फोडली. मी तेवढी वाचले आणि बोटीतून राजधानीला, मिन सोक-गू नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या मेजावर आले. मी दगडावर थेंब थेंब पाणी सोडायचं आणि त्यात मालकांनी शाईची कांडी उगाळायची, असा आमचा संसार.

मालकांची धाकटी बहीण मला परातीत पोहायला सोडायची. दृष्ट लागू नये म्हणून घरात तिला भोपळी म्हणत. एकदा तिच्या हातून माझ्या चोचीचा टवका उडाला आणि तिने भोकाड पसरलं.

"रडतेस काय! बदक आहे ते, मोर नाही," मालक म्हणाले. "चालेल असंच."

पुढे भोपळी राणी झाली. राजाचे मेहुणे म्हणून मालकांची पाचही बोटं तुपात, असं लोक म्हणत. मालक मात्र जुनाच अंगरखा घालून कचेरीत जात. राजाने कुणालाही नेमलं तरी त्या कचेरीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय नेमणूक पक्की होत नसे.

एका वसंतात तिथे एक कागद आला. मालकांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा तामजिनचा अंमलदार होणार होता. आधीच्या ठिकाणी भट्टी बिघडली की तो कुंभारांना फटके मारायचा. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि मालक कागद घरी, आमच्या मेजावर घेऊन आले. मी पाण्याने भरून बसले होते, पण मालकांचा हात माझ्याकडे येईना.

आईच्या श्राद्धाला राणी माहेरी आली.

"दादा, एवढीशी तर सही. झारी आटली की काय तुझी?"

"झारी भरलेली आहे, महाराणी. पोरगं नालायक आहे."

"महाराणी काय म्हणतोस मला! ताईच्या तोंडाकडे तरी बघ."

"तेच तर बघवत नाही."

ती पानावरून उठली. "मग या घरात माझं कुणी उरलं नाही."

सही झाली नाही. नेमणूक बारगळली आणि पावसाच्या आत मालकांची राजधानीतून उचलबांगडी झाली. धाडलं कुठे, तर तामजिनलाच! मी माहेरी आले. भट्ट्यांचा धूर पाण्यावर तरंगत यायचा आणि मला गुंगी यायची. कुंभारणी मालकांच्या दारात ताजे मासे ठेवून जात.

मालक रोज बहिणीला पत्र लिहायला बसत. पण राणीला लिहायचं म्हणजे आधी ओळीने बिरुदं, मग क्षेमकुशल, मग मजकूर. बिरुदं संपली की ते थांबत. "भोपळीशी असं कसं बोलू?" म्हणत आणि कागद फाडत. मला त्यांचा राग येई. तो भट्टीवाला म्हातारा तरी काय वेगळं करत होता?

अशी अकरा वर्षं गेली. शेवटी खोकल्याने अंथरूण धरल्यावर त्यांनी एकच ओळ लिहिली: 'भोपळे, बदक पाठवतोय. परातीत सोड.' तो कागद माझ्याभोवती गुंडाळला, मला गवतात बांधलं आणि राजधानीला निघालेल्या बोटीवर चढवलं.

वाटेत वारा उठला आणि बोट उलटली. कागद भिजला, विरला. माझ्याच पाण्याची ती शाई माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

मित्रांनो, टवका उडाला म्हणून घरातली वस्तू टाकू नका. आणि रुसलेल्या माणसाला पत्र लिहिलंत, तर चुकांसकट त्याच दिवशी पाठवा. मला परातीत पोहायची सवय होती, पण ही परात फारच मोठी निघाली. भोपळीपर्यंत मी अजून पोहोचले नाही.