एकशे सात क्रमांकाचे कान

आईला जाऊन तीन आठवडे झाले आणि दादा माझी सही घ्यायला आला.

दादा माझा भाऊ नव्हे. आईचा पहिला विद्यार्थी. पाच वर्षं आमच्याच टेबलावर जेवला, माझं गणित त्यानेच घेतलं, म्हणून दादा. पुढे तो एका नियतकालिकाचा संपादक झाला आणि आईने आपला शेवटचा शोधनिबंध मोठ्या विश्वासाने त्याच्याकडेच पाठवला. कापड कारखान्यातल्या मागांच्या आवाजाने विणकाम खात्यातले कामगार कसे बहिरे होत जातात, यावरची सहा वर्षांची मेहनत. निबंध अकरा महिने ‘परीक्षकांकडे’ राहिला आणि ‘नवीन काही नाही’ असा शेरा घेऊन परत आला. चार महिन्यांनी त्याच कारखान्यावर दादाचा निबंध दुसरीकडे छापून आला.

“बसा,” मी म्हणाले.

“बसा? एवढं परकं केलंस, छोटे?”

“सवय करतेय.”

त्याने पिशवीतून कागद काढले. “बाईंवर विशेषांक काढतोय. त्यांचा निबंध पहिल्या पानापासून. वारस म्हणून तुझी सही हवी.”

निबंधावर आईचं नाव होतं. त्याखाली त्याचं.

“हे नुसतं आधाराला,” तो म्हणाला. “पत्रव्यवहाराला कुणीतरी जिवंत माणूस लागतं.”

“जिवंत तर मीही आहे.”

“तू ग्रंथपाल आहेस. पुस्तकं लाव. कान तपासणं तुझं काम नाही.”

शेवटच्या पानावर एक चौकट होती. लेखकांचे परस्परविरोधी हितसंबंध आहेत का? ‘नाही’वर खूण आधीच केलेली.

“ही खूण कुणाची?”

“ऑफिसची. सगळ्यांच्या फॉर्मवर तीच असते. ते कोण वाचतंय?”

“मी वाचते. तुमच्या त्या निबंधाबद्दल प्रकाशकांचं पत्र आलंय ना तुम्हाला?”

त्याने समोरचा चहाचा कप जरा दूर सरकवला. “आलंय. केलीय कुणीतरी निनावी तक्रार. लोकांना पोटदुखी असते.”

“निनावी नाही. खाली माझं नाव आहे. तुम्हाला कळवलं नसेल. नावं गुप्त ठेवतात, तुम्हाला माहीतच आहे.”

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. सही कशाला हवी होती, हे मला त्याने कागद काढले तेव्हाच कळलं होतं. दोघांच्या नावाने निबंध आला की आकडेही दोघांचे ठरणार, आणि तक्रार आपोआप मिटणार.

“तुमच्या निबंधात कामगार किती?” मी विचारलं.

“दोनशे तेरा.”

“सगळ्यांचे कान तुम्ही स्वतः तपासलेत?”

“अर्थात.”

“त्यात बायका किती?”

“असेल एखादी. तक्ता बघ.”

“एक आहे. पण त्या खात्यात बाई कधीच कामाला नव्हती. कारखान्याची यादी मी पाहिली.”

मग मीच सांगितलं. यंत्र नीट चालतंय का हे बघायला आई रोज सकाळी आधी स्वतःचे कान तपासायची. एके दिवशी तो कागद चुकून कामगारांच्या गठ्ठ्यात गेला. निबंध पाठवल्यावर तिच्या ते लक्षात आलं. कामगार दोनशे बाराच, असं दुरुस्तीचं पत्र तिने तुमच्या ऑफिसला पाठवलं. पोच माझ्याकडे आहे. पत्र कुणी उघडलं नसावं. म्हणजे दोनशे तेरा हा आकडा फक्त एकाच प्रतीत होता, तुमच्या टेबलावरच्या.

“क्रमांक एकशे सात. स्त्री, वय एक्कावन्न, दोन्ही कान उत्तम. वरून नाव काढलंत, पण आत ती तशीच राहिली.”

त्याने कागद गोळा केले, पुन्हा पसरले. आवाज मात्र चढवला नाही. “ठीक आहे. नको करूस सही. मग हा निबंध कुठेच येणार नाही. गेलेल्या माणसाचं काम दारोदार घेऊन फिरायला कुणाला वेळ आहे? कपाटात पिवळा पडेल. तेच हवंय तुला?”

हे खरं असू शकत होतं. गेले तीन आठवडे मला दुसरी कसलीच भीती वाटली नव्हती.

“दवाखान्यात तुम्ही दाराबाहेर नर्सला विचारलंत, अजून किती दिवस,” मी म्हणाले.

“काळजीपोटी विचारलं.”

“आत आईला ऐकू गेलं. ती म्हणाली, त्याला म्हणावं, दम धर थोडा, सगळं तुझंच आहे.”

मी पेन घेतलं. चौकटीतलं ‘नाही’ खोडून ‘आहेत’ लिहिलं, सहीची जागा तशीच कोरी ठेवली आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. दार उघडून उभी राहिले.

जिना उतरताना तो खालच्या आवाजात काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. आईला आलं असतं.