आरिया

सदूने मोबाईल बंद केला, पायरीवर काढलेल्या चपलेत ठेवला आणि मग तो भावाच्या घरात शिरला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"आलात? मला वाटलं, अक्षता घेऊन आमंत्रणाला यावं लागतंय," नम्रतावहिनी म्हणाली.

काशीराम दारासमोरच्या पलंगावर बसला होता. पुढ्यातल्या टेबलावर गणपतीच्या सजावटीतला आरसा उभा केलेला. डावा हात, म्हणजे कोपराखाली उरला होता तेवढा, आरशाआड. उजवा पुढे. त्याच्या बोटातली तांब्याची अंगठी वहिनीने काढून घेतली होती, कारण गेलेल्या हातात अंगठी नव्हती. काशीरामच्या बाजूने आरशात पाहिलं की दोन्ही हात जागेवर दिसत.

"नसलेला हात दुखतो हे मला तरी कुठे पटत होतं," ती म्हणाली. "मूठ मिटलेली आहे, नखं तळव्यात रुततायत, असं म्हणतात. गोळ्यांनी नुसती गुंगी. यंत्राच्या झिणझिण्या देऊन झाल्या, खरखरीत फडकं घासून झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता व्यायामाच्या सानिका मॅडम म्हणतात, आरशात बघत उजवी मूठ उघडा. डोळ्यांना दिसलं की मेंदूही हळूहळू मानतो."

"मग?"

"उजवी उघडते. ती नाय उघडत. शेवटी हातात काय होतं, म्हणाल्या. मी सांगितलं, दोर. तर म्हणे, दोर सोडताना करता तसंच करा. मला काय ठाऊक तुमचा दोर? मी आपली 'सोडा, सोडा' करते, तर हे म्हणतात, कोंबड्या हाकलतेस काय."

"विंचवरचा माणूस हाक देतो," काशीराम आरशाकडे बघतच म्हणाला. "त्याच्या आधी हात सोडत नाय. सोडला तर जाळं जातं."

"कसली हाक?"

काशीरामने उजवी मूठ पुन्हा मिटून आरशापुढे धरली.

एका शब्दाची हाक होती. आरिया. दोर सैल सोड. त्या दिवशी विंचवर, म्हणजे जाळ्याचा दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, सदू होता. किनारा जवळ आला, रेंज आली आणि नेहमीप्रमाणे बोटीवरचे सगळे मोबाईल एकदम वाजू लागले. त्याने मान खाली घातली, अर्धा मेसेज वाचला. मान वर केली तेव्हा दोरावर दोर चढला होता आणि काशीरामचा हात ड्रमखाली ओढला गेला होता. मूठ मिटलेलीच होती. हाक द्यायची राहून गेली होती.

दोर सटकला, असं बंदरावर सगळे म्हणाले. सदूने ते खोडलं नाही. दादा पाठमोरा होता, त्याला काही दिसलं नसणार, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"भावजी, आरसा धरा जरा. कलतोय."

सदू टेबलापाशी टेकला. चौकट दोन्ही हातांनी धरली.

"हाक दे," काशीराम म्हणाला.

सदू पुटपुटला. "आरिया."

"इंजिन चालू असताना ऐकू येईल काय ते?"

"आरिया!"

वहिनी दचकली. काशीरामची उजवी मूठ हळूहळू उघडली, आणि तिच्याबरोबर आरशातली. ताठरलेला डावा खांदा खाली आला.

वहिनीने सदूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. अंगठी तिच्या हातातच राहिली होती. ती तशीच आत गेली.

"सुटली?" सदूने विचारलं.

"चार बोटं. करंगळी अजून वळलेलीच हाय."

"दादा, त्या दिवशी..."

"उद्या ये." काशीरामने आरशातून नजर काढली आणि उघड्या दारातून पायरीकडे पाहिलं. "आणि तो चपलेत नको ठेवूस. घरीच ठेवून ये."