हाव की न्हाई, एवढंच विचारणारी ओळ

मी एक ओळ बोलतेय. कवितेची नव्हे, गाण्याची तर नव्हेच. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका दुकानाची वेबसाइट आहे, तिच्या पोटातल्या कोडमध्ये मी राहते. तुम्ही ती वेबसाइट उघडता तेव्हा मी तुम्हाला दिसत नाही, पण तुमच्या नकळत तुमच्या स्क्रीनशी बोलून मोकळी झालेली असते.

माझं बोलणं म्हणजे एकच प्रश्न. 'बाई गं, तुला झगझगीत उजेड दाखवता येतो का?' स्क्रीनने हाव, म्हणजे हो, म्हटलं तर मी एक फोटो देते, न्हाई म्हटलं तर दुसरा. एवढाच माझा संसार. एवढ्याशा संसारात इतका घोळ कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मला लिहिलं लातूरच्या आलोकने. तो वेबसाइट बनवून देतो. दुकान कहकशांचं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारचोबीचं काम चालतं, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर जरीचं भरतकाम. तिचे वडील, ज्यांना सगळे जिलानीचाचा म्हणतात, अजून गल्ल्यावर बसतात. कहकशांचं दुखणं एकच होतं, फोटोत जरी मरते. हातात घेतली की लखलखणारी वेल फोटोत हळदीच्या डागासारखी दिसते.

"आपा, आता नवे स्क्रीन आलेत," आलोक म्हणाला. "त्यांच्यात उजेड लई मावतो. जरी चमकती तशीच दिसती. पण तोच फोटो जुन्या स्क्रीनवर पार विटका दिसतो. म्हणून दोन फोटो ठेवू. आधी स्क्रीनला विचारायचं, मग द्यायचा."

चाचांनी चष्मा कपाळावर नेला. "दिखता तो दिखता. पूछने का क्या उसमें?"

आलोक हसला आणि मला लिहायला बसला. 

सुरुवातीला मला वाटायचं, स्क्रीन म्हणजे खरं बोलणारी जात. स्वतःला काय येतं हे स्वतःलाच ठाऊक नसेल, असं कसं होईल? पण भोकरच्या एका लॅपटॉपने हाव म्हटलं, आणि त्याच्या मालकाने तीच खिडकी शेजारच्या मोठ्या स्क्रीनवर ओढली तर लगेच न्हाई. मी घाईघाईने फोटो बदलला, त्याने खिडकी परत ओढली, पुन्हा हाव! नायगावच्या एका मॉनिटरमध्ये सगळी ताकद होती, पण सेटिंगमधलं बटण कुणी चालूच केलं नव्हतं, म्हणून तो बिचारा न्हाई म्हणत बसला. आणि जळकोटचा एक, उजेड जेमतेम, पण हाव म्हणायची भारी हौस. बडा घर, पोकळ वासा. माणसांतही असे असतात म्हणे, पण माणसांना मी कधी विचारलेलं नाही.

मग मनस्विनी आली. लातूरची, लग्न ठरलेली. तिने आपल्या नव्या फोनवर वांगी रंगाची एक रेशमी साडी पाहिली, काठावर जरीची वेल. फोन हाव म्हणाला होता, म्हणून मी उजेडाचा फोटो दिला. ती बराच वेळ पान खाली सरकवेना. मग तिने कहकशांला फोन लावला. "ही माझ्यासाठी ठेवा, ताई. लग्नात मी हीच नेसणार." कहकशांने ती साडी मलमलीत गुंडाळून वेगळी ठेवली.

पण आपल्याकडे लग्नाचे कपडे कुणी एकट्याने ठरवत नाही. बस्ता बांधायचा असतो, घरची जाणती माणसं बसून पसंती करतात. मनस्विनीची आई सौदामिनीबाई शाळेत शिकवतात. आधी आपण पाहून घ्यावी म्हणून त्यांनी घरातला जुना कॉम्प्युटर उघडला. त्या स्क्रीनने न्हाई म्हटलं आणि मी साधा फोटो दिला. माझं काम मी चोख केलं, असं मला तरी वाटतं.

"ह्या मळकट साडीसाठी नांदेडला जायचं?" सौदामिनीबाई म्हणाल्या.

"आई, ही न्हाई गं. ती लई चमकत होती."

"रंग तोच, वेल तीच, नंबरही तोच हाय. फोटो बदललाय त्यांनी. आधी भारीतला दाखवायचा आणि गिऱ्हाईक अडकलं की हा."

त्यांनी लगेच दुकानात फोन केला. कहकशां आधी हसली. "मॅडम, फोटो दोन हायत. तुमच्या कॉम्प्युटरवर साधा दिसून राहिला, पोरीच्या फोनवर चमकीचा."

"दोन? म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं दाखवता, हे तुम्हीच सांगून राहिलात!"

कहकशांचं हसू ओसरलं. "मॅडम, माल बदलला असं आमच्या दुकानाला आजवर कुणी बोललं न्हाई. तिच्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात दिसंल."

मनस्विनीने पान उघडलं. फोन म्हणाला हाव, मी उजेडाचा फोटो दिला, तिने स्क्रीनशॉट घेतला. आणि काय सांगू, साडी आली, वेल आली, झगमग आलीच नाही! तिच्या फोनचा स्क्रीनशॉट चित्र तेवढं उचलतो, उजेड मागेच सोडतो. हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पुरावा म्हणून मागवला तोच उलटला. सौदामिनीबाईंना वाटलं, बाई खोटं बोलते. कहकशांला वाटलं, पोरगी खोटं बोलते. आणि मनस्विनीला आपल्याच डोळ्यांची शंका यायला लागली. तिघीही खऱ्या होत्या. मला सगळं ठाऊक होतं, पण मला येतं एकच वाक्य, तेही प्रश्नाचं.

"बस्ता लातुरातच बांधू," सौदामिनीबाई म्हणाल्या. "आणि ह्या दुकानाचं नाव मी चार जणींना सांगणार हाय."

"एकदा हातात घेऊन बघू, आई. न्हाई पटली तर मी पुन्हा नाव काढणार न्हाई."

म्हणून त्या नांदेडला आल्या. मनस्विनीच्या हातातल्या फोनमध्ये मी उघडीच होते. मला डोळे नाहीत, जे सांगते ते ऐकलेलं सांगते. मलमल सुटली, रेशीम सळसळलं. दुकानात ट्यूबलाइट होती.

"बघ," सौदामिनीबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर होती तशीच हाय."

 मनस्विनीने फोन साडीच्या शेजारी धरला असावा, कारण कहकशां पुटपुटली, "फोनमधली जास्त चमकून राहिली."  कहकशांने आपली बाजू मांडायचं सोडूनच दिलं.

सौदामिनीबाई मुळात न्यायाच्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "कापड आत बसून नाकारायचं न्हाई. माझ्या लग्नाचा शालू आईनं गंजगोलाईच्या बाजारात दुकानाच्या दारात उभं राहून घेतला होता. उन्हात चला."

"ये हुई बात," म्हणत जिलानीचाचा उठले. साडीचं एक टोक त्यांनी धरलं, एक कहकशांने, आणि सगळे उंबऱ्यावर आले. रस्त्यावर ऑटो वाजत होते. आमच्या दारात कुणी बोलेना. मी घाबरले. माझ्या जन्मात मला हाव किंवा न्हाई मिळालं होतं, असं गप्प कुणी राहिलं नव्हतं.

"अगं बाई," सौदामिनीबाई शेवटी म्हणाल्या. "ही तर तिसरीच हाय! कॉम्प्युटरमधली न्हाई आणि फोनमधली पण न्हाई."

मनस्विनी हसली की रडली, मला कळलं नाही. "आई, हीच."

"कहकशां, मी जे बोलले ते..." बाईंचं वाक्य तिथेच अडलं.

"बस्ता इथंच बांधू ना, मॅडम?"

"इथंच."

त्यानंतर कहकशांने आलोकला सांगितलं, "एकच फोटो ठेव, साधा. आणि खाली लिही, दुकानात या, दारात उन्हात बघा." आलोकने मला पुसलं नाही. "ऱ्हाऊ दे, आपा, पुढं लागंल," म्हणून माझ्या दोन्ही बाजूंना खुणा घातल्या. त्या खुणा असल्या की ब्राउझर मला वाचतच नाही. तेव्हापासून मी आहे तिथेच आहे, पण मला कुणी बोलू देत नाही.

वाईट वाटतं का? वाटतं. जन्मभर मी उजेडाचं विचारत आले आणि उजेड एकदाही पाहिला नाही. दोन साड्या मीच दिल्या होत्या, मग ही तिसरी कुठून आली? माझ्या प्रश्नात ती कुठेच नव्हती. मी खूप विचार केला, डोकं चालेनासं झालं.

तुम्हाला डोळे आहेत. कधी त्या लग्नाला गेला असलात, मनस्विनीला ती साडी नेसून उन्हात उभं राहिलेलं पाहिलं असेल, तर मला येऊन सांगा, कशी दिसत होती. एवढंच करा, हाव किंवा न्हाई म्हणू नका. बसा, आणि सगळं सांगा.