न सोडलेलं पाणी

"अक्का, नळ सोड."

"भर दुपारी? ऊन लागलंय का तुला?"

शर्टाला बटण लावत बसलेल्या थोरल्या बहिणीनं मानही वर केली नाही. टेकडी चढून आलेला तो दारातच धापा टाकत उभा राहिला.

सगळं गाव त्याला चावीवाला म्हणायचं. लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवायचा. एका गल्लीचं पाणी बंद, दुसरीचं सुरू. उभा जन्म त्यानं दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. टेकडीवरच्या शेवटच्या घरात, अक्काकडे, करंगळीएवढी धार यायची आणि बादली भरायच्या आत दम तोडायची. सून बाळंत झाली तेव्हा अक्का त्याच्याकडे गेली होती. "अर्धा तास जास्त सोड रे, घरात तान्हं लेकरू आहे." त्यानं सोडलं नाही. खालच्या गल्लीतही लेकरं होती. तेव्हापासून अक्काही त्याला चावीवालाच म्हणू लागली.

मग रस्ते खणले गेले, गळके पाइप बदलले, उंचावर मोठी टाकी उभी राहिली. आज सकाळी इंजिनिअर बाईंनी त्याला सांगितलं, "आता सगळे व्हॉल्व्ह उघडे. हात लावायचा नाही."

"लोक भांडतील, बाई."

"कारण उरलं तर भांडतील ना."

पाणी टेकडीवर चढेल की नाही ही धाकधूक सोसेना, तसा तो थेट वर आला होता.

अक्का कुरकुरत उठली. नळ आधी फुसफुसला. मग पाणी असं कोसळलं की रिकामी बादली जागची सरकली. पदर खोचून अक्का भांडी ओढायला धावली.

"आण लवकर, जाईल."

"जाणार नाही, अक्का."

"किती वेळ सोडलंयस?"

"मी सोडलंच नाही. कोणीच सोडलं नाही. ते आहेच."

अक्कानं नळ बंद केला. जरा थांबून उघडला. तशीच धार. जन्मभर पाणी वाटत आलेल्या त्यानं असं, कुणी न वाटलेलं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

"एवढं वर कसं चढलं रे?" निजलेल्या मुलाशेजारी बोलावं तसं अक्कानं विचारलं.

सुनेनं हौसेनं छतावर बसवलेली, कधीच न भरलेली टाकी आता आपली आपण भरत होती. त्यानं भिंतीवरच्या पाइपला कान लावला. अक्काही ओल्या हातांनी पुढे आली आणि पलीकडून तिनं कान टेकवला. पाइप बारीक गुणगुणत होता. दोघं बहीणभाऊ समोरासमोर, डोळे मिटून, ऐकत राहिली.