उत्तम टर्नर होता

“होता? होता कशाला? मेलो का मी?”

कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा तो टर्नर खुर्चीतून अर्धा उठला. समोरच्या ताईंनी कागदावरून नजर वर केली. संस्थेत त्यांना सगळे गोष्टीवाल्या ताई म्हणायचे, कारण देणगीदारांना पाठवायच्या गोष्टी त्याच लिहायच्या. ज्याची गोष्ट त्याला ती आधी वाचून दाखवायची, हा नियम त्यांचा एकटीचा. बाकी कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

“अहो, वाक्य असं आहे. ‘तो एक उत्तम टर्नर होता. एका दुपारी मशीनने त्याचा डावा हात गिळला.’ ‘होता’ म्हणजे अपघाताच्या आधी.”

“आधी होतो, आणि आता काय मटार सोलतो? ताई, हात गेलाय, डोकं नाही गेलं. आणि नवा हात तर तुमच्या संस्थेनेच दिलाय की.” त्याने कृत्रिम बोटांत टेबलावरची पंचिंग मशीन धरली, उचलली, होती तिथे ठेवली. “सोमवारी मालक मला लेथवर उभा करून बघणारेत. जमलं तर माझं मशीन मला परत. म्हणून म्हणतो, ‘होता’ नको. ‘आहे’ करा. बाकी रडवा लोकांना पाहिजे तेवढं, आपली ना नाही.”

“बरं बाबा, ‘आहे’ करते.”

“आणि ते ‘गिळला’ पण काढा. मशीन काय अजगर आहे?”

ताई हसल्या. ‘आहे’ लिहिलं. ‘गिळला’ मात्र तसंच ठेवलं.

या कामाची एक गंमत आहे. गंमत कसली, घाण आहे. पायावर उभ्या माणसाला कुणी पैसे देत नाही. त्याला आधी कागदावर आडवा पाडावा लागतो, मग वाचणारा वाकतो, वाकताना स्वतःवरच खूश होतो आणि मग खिशात हात घालतो. ताईंनी अशी किती माणसं आडवी पाडली होती! त्यांच्या लिहिण्यात आंधळ्या म्हाताऱ्यांना सुना नसायच्या, आजारी पोरांना खोड्या सुचायच्या नाहीत आणि कुणी म्हणजे कुणी विनोद करायचं नाही. घरी गेल्या की त्यांची आई दारातच विचारायची, “काय गं, आज कुणाला निराधार केलंस?”

संस्था चालवणाऱ्या मॅडमनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

“‘उत्तम टर्नर आहे’? आहे, तर मग आपण कशाला? देणगीदारांनी काय करायचं, त्याचं अभिनंदन?”

“त्याला शब्द दिलाय मी.”

“शब्द तुमचा, पत्र संस्थेचं. बाहेरच्या बाकावर बसलेत ना, त्यांतल्या एकालाही अजून हात मिळालेला नाही. तुमच्या ‘आहे’मुळे मिळणार असेल तर ठेवा बापडं.”

मॅडम खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. ताई जागेवर आल्या. ‘होता’ केलं. उठून पाणी पिऊन आल्या. ‘आहे’ केलं. खिडकी उघडली, धूळ येते म्हणून लावली, गुदमरतंय म्हणून पुन्हा उघडली. पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. ‘आहे’ घातलं की वाक्य लंगडायचं. दुसऱ्या वाक्यातला ‘गिळला’ उगाच आरडाओरडा केल्यासारखा वाटायचा. ‘होता’ घातलं की दोन्ही वाक्यं एकमेकांत रुतून बसायची. आणि खरं काय ते सांगायचं तर, मॅडमचं दडपण निम्मंच होतं. उरलेलं निम्मं असं, की ते वाक्य ताईंना स्वतःला फार आवडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पत्र मेलने सगळ्या देणगीदारांना गेलं. ‘होता’सकट.

मंगळवारी मॅडम स्वतः त्यांच्या टेबलापाशी आल्या. चेहरा फुललेला.

“ताई, तुमच्या लेखणीला सोन्याने मढवायला हवं. अहो, टर्नरच्या कारखान्याचे मालक आपल्याच यादीत निघाले! पत्र वाचून ढसाढसा रडले म्हणे. मोठी देणगी दिली. शिवाय त्याला गेटवर कायमची नोकरी, बसून काम! पुढची गोष्ट तयार आहे. जा, फोटो घेऊन या.”

यादी उघडून बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ताईंच्याही नाही.

गेटवर टर्नर कडक इस्त्रीच्या गणवेशात उभा होता. गणवेश कुणा जाड्याच्या मापाचा होता. ताईंना पाहून तो हसला नाही.

“कुणाला भेटायचंय?”

“तुम्हालाच.”

“गेटवाल्याला भेटायला आलेल्यांना आत सोडत नाहीत. इथंच बोला.”

“सोमवारी... लेथवर उभे राहिलात?”

“उभा कुठला राहतोय! मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. डोळे भरलेले. म्हणाले, एवढं सोसलंस आणि बोलला नाहीस रे? मी म्हटलं, साहेब, एकदा मशीनवर बघा तरी. तर म्हणाले, राहू दे, मी वाचलंय सगळं.”

ताईंनी कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर नीट चढवली.

“मी आत जाऊन सांगते. ते माझं वाक्य होतं, तुमचं नव्हतं.”

“काय सांगणार? खोटं लिहिलं म्हणून? म्हणजे दिलेले पैसे ते परत मागतील. तुमच्याकडे बाकावर ती पोरगी बसते ना, दोन्ही हात नसलेली... तिच्या हातांचं माप घेऊन झालंय.”

“तरी जाते मी.”

“मालकांची वेळ घेतलीय?”

“नाही.”

“मग नाही सोडता येणार, ताई.” तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता आपलं काम करत होता, आणि चोख करत होता.

मागे हॉर्न वाजला. ताई बाजूला सरकल्या. टर्नरने खांदा लावून गेट ढकललं. ट्रक लेथवर चढवायच्या पोलादी गोल सळ्यांनी भरला होता. सकाळीच कापलेल्या असाव्यात, टोकं चकचकत होती. गेटवाल्याने ट्रकभोवती एक फेरी मारून बघायची असते, तशी तो मारत होता. मागच्या बाजूला आला आणि थांबला. एका सळीच्या तोंडावर त्याने उजव्या हाताचा अंगठा ठेवला, कडेकडेने सावकाश फिरवला.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला.

त्याने अंगठा काढला, पँटला पुसला आणि प्लास्टिकचा हात उंच करून ट्रकला आत जाऊ दिलं.