डॉक्टरांनी सुचवलेलं लग्न

मुलगा डॉक्टरीला लागला, की त्याच्या लग्नाची घाई त्याच्यापेक्षा गावालाच जास्त. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या श्यामरावांच्या घाईचं कारण मात्र वेगळं होतं.

त्यांचा खुशाल नागपूरला डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होता. १९८२ च्या उन्हाळ्यात तो परीक्षा न देताच घरी आला. धड जेवेना, झोपेना. शेवटी एकदा बोलला, "बाबा, माह्यं मन पोरींवर जात नाही, पुरुषावरच जाते. आमच्या पुस्तकात याले रोग म्हनते. मंग मी कोनाले बरं करू? मले जगावंसंच वाटत नाही."

श्यामराव हादरले. त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना गाठलं. "लग्न लावून द्या, सहा महिन्यांत सुधारेल," डॉक्टर म्हणाले. झालं! लाखनीची सत्यवती पसंत केली, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही काढली.

चिखल्याहून श्यामरावांची थोरली बहीण केशरबाई चार दिवस आधीच आल्या. तांदूळ निवडता निवडता त्यांनी भावाकडून खरं कारण ऐकलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"श्याम, हेच औषध तुह्या भाटव्याले, माह्या नवऱ्याले, देल्लं होतं. ते औषध म्हंजे मी! तेवीस वर्षं झाली. मानूस वाईट नाही, कधी हात नाही उगारला. पन माह्याकडं पाह्यलं का त्याचे डोळे भरते. लोकं मले वांझ म्हनते, मी ऐकून घेतो."

"बाई, तू कधी बोलली नाही..."

"इचारलं कोनं? तो काही बदलला नाही, अन् मी खंगली. त्या सत्यवतीले काहून यात वढतं? तुह्यी पोरगी असती, तं देल्ली असती का?"



दुसऱ्याच दिवशी श्यामराव लाखनीला गेले. "तुमच्या पोरीत खोट नाही, माघार आमची आहे," हे त्यांनी चारचौघांत सांगितलं आणि मिळाल्या त्या शिव्या खाल्ल्या. घरी येऊन खुशालजवळ बसले. "पेपर देजो, नाही तं नको देऊ. तू पाह्यजे मले! नागपूरले मनाचे मोठे डॉक्टर आहेत म्हनते, तुह्यी झोप उडाली ते त्यायले सांगू. मी संगं येतो."

खुशाल ढसाढसा रडला. कित्येक दिवसांनी त्या दुपारी त्याला झोप लागली.

वाचकहो, कुणाचं मन कुणावर जावं, हा रोग नव्हे. रोग जडतो तो लपवण्याने, आणि त्यावर कुणाची लेक औषध म्हणून देता येत नाही. केशरबाईंच्या लग्नात हे सांगणारं एक माणूस हवं होतं!